साबणाचा लाल

हळदीच्या गिरणीत काम करणाऱ्या बाईला
एवढं तरी ठाऊक असतंच,
पिवळ्या डागाला साबण लागला
की तो लाल होतो.

सहा वर्षं बघतेय मी हे न्हाणीत.
तरी परवा रात्री
परकर चोळताना बोटांखाली लाल उमटलं
आणि मी "आली गं बाई" म्हणत
एकटीच हसले, मोठ्यानं.
मग दोन तांबे पाणी ओतलं.
लाल उतरलं, पिवळं राहिलं.
हळदच ती.

आज बारावा दिवस.

दुधाच्या कॅलेंडरवर
माझी तारीख मी पेन्सिलीनं टिपते,
'अर्धा लिटर जादा'च्या शेजारी
एक बारीक टिंब.
या महिन्यात टिंब नाही.
दूध मात्र रोज आलंय.

गोळी मिरजेतनं आणली.
सांगलीत आमच्या रस्त्यालाच चार दुकानं,
पण चौघांनाही ह्यांचं नाव माहीत.
म्हणून सिटी बस धरली.
मिरजेच्या दवाखान्यांच्या गल्लीत
सगळा जिल्हाच आजारी असतो,
एक बाई जास्त झाली तर कोण बघतंय.
पोरानं मान वर न करता
ती पेपरात गुंडाळली, दोरा बांधला,
जशी काय पावशेर खारीकच मागितली मी.
"बहात्तर तासांच्या आत," म्हणाला.
मी मोजूनच गेले होते. एक्केचाळीस.

गौरीच्या वेळचं वेगळं.
तेव्हा गोळ्या यादीतच लिहिल्या होत्या,
कापूर, सुपारी, खण, वैजूच्या गोळ्या.
सासूबाईंनी पेरांवर हिशेब केला,
"ऐन जेवणाच्या दिवशीच अडचण येतीय की गं."
हे गाडी काढून गेले, घेऊन आले.
पाकीट फ्रिजवर, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर.
"आई, तुला बरं नाही?" ईश्वरीनं विचारलं.
"नाही गं, देवाचं आहे."
गौरी जेवल्या, गेल्या,
मी गोळ्या थांबवल्या
आणि तिसऱ्या दिवशी ती आली,
शाळेतनं वेळेवर घरी येणाऱ्या पोरीसारखी.

सगळ्यांनी मिळून ढकलली तेव्हा कशी शहाणी.
मी एकटीनं एक गोळी घेतली
तर आता पत्ताच सांगत नाही.

चाळणीवर शमशादला सांगितलं,
मशीनच्या आवाजात, तोंडाला फडकं बांधून.
ती म्हणाली, "त्या गोळीनं तारीख हलते गं.
माझी नऊ दिवस हलली होती."
"मग दहाव्या दिवशी?"
"दहाव्या दिवशी इथंच उभी होते.
तुझी ओढणी कमरेला बांधून घरी गेले.
विसरलीस?"

विसरले होते.
ओढणी तिनं धुऊन, इस्त्री करून दिली होती,
आणि तेव्हा मी काही विचारलंही नव्हतं.

घरात ह्यांना काही माहीत नाही.
सासूबाई मात्र हल्ली
"बसून जेव," म्हणतात.
काल पाण्याची घागर हातातनं घेतली,
लिंबाच्या लोणच्याची बरणी
न मागता माझ्याकडं सरकवली.
म्हणजे त्यांनीही मोजलंय.
एकाच घरात दोघी
तेच बारा दिवस धरून बसलोय,
एक देव्हाऱ्यापुढं, एक न्हाणीत,
आणि दोघींचं मागणं एक नाही.

आज पहाटे, दिवा न लावता,
मोबाइलच्या उजेडात पट्टी धरली.
सांगितल्याप्रमाणे पाच मिनिटं.
बाहेर दूधवाल्याची कॅन वाजली.
एक रेघ.
तीनदा मोजली, एकापर्यंत.
पट्टी पुन्हा पेपरात गुंडाळली,
दोरा बांधला, पर्समध्ये तळाला.

पाळी अजून आलेली नाहीच.
"आठवड्यानं परत बघ," शमशाद म्हणणार.
बघेन.
अंगालाही वाट सापडायला वेळ लागत असेल,
दोनदा कुणीतरी पाट्या फिरवल्यावर.

सकाळी ताटाशी बरणी पुन्हा आली.
त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.
मी फोड घेतली, चावली.
"चांगलं मुरलंय," म्हटलं,
आणि डबा घेऊन गिरणीला निघाले.